सा, प आणि दहा हजार डॉलर

गणेशोत्सवाचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑर्केस्ट्राचे व्हिडिओ यायला लागतात. न्यू जर्सीतल्या एका शाळेचं सभागृह, मागे मखर, पुढे गायिका, बाजूला तबला, कीबोर्ड, ड्रम, आणि पार उजव्या कोपऱ्यात, विंगेच्या अर्ध्या आत, गळ्यात लांबलचक वाद्य अडकवून डोळे मिटून मान डोलावणारा एक गृहस्थ. तो मी. व्हिडिओत सगळ्यांचं ऐकू येतं. पहिल्या रांगेत कुणी चकलीची पिशवी फोडली त्याचाही आवाज येतो. माझा येत नाही.

यात व्हिडिओ काढणाऱ्याचा दोष नाही, तो भौतिकशास्त्राचा आहे. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. फोनमधल्या चिमुकल्या स्पीकरला इतकं खालचं काही झेपत नाही, म्हणून तो ते सरळ सोडून देतो. परिणामी नाशिकहून सासूबाईंचा फोन येतो.

“जावईबापू, छान दिसत होतात हो. हातात काय धरलं होतं?”

“बेस गिटार, आई.”

“अगंबाई! मग वाजवायची ना थोडी.”

आता असा विचार करा, की जे वाद्य नाशिकपर्यंत पोहोचतच नाही आणि सभागृहातही चौथ्या रांगेपुढे ‘एसीचा आवाज येतोय का?’ एवढीच शंका निर्माण करतं, त्याच्यावर शहाण्या माणसानं किती पैसे घालावेत? दोनशे डॉलर? फार तर तीनशे? माझा आकडा दहा हजारांच्या पुढे आहे. बनवणाऱ्या कारागिराचं नाव मी इथे मुद्दामच देत नाही. नाव छापलं की बायको इंटरनेटवर किंमत बघणार, आणि तिला सांगितलेली किंमत जरा वेगळी आहे.

बरं, मी वाजवतो काय? आमच्या मंडळाला कोळीगीतं प्रिय आहेत. कोळीगीताला बेस म्हणजे सा आणि प. सा, प, सा, प, आणि गायिकेनं वळून बघितलं तर एखादा ध. ध हा हिशेबाबाहेरचा धरला तर दहा हजार डॉलरला दोन स्वर, म्हणजे स्वरामागे पाच हजार. लता मंगेशकरांच्या जमान्यात अख्खं चित्रपट संगीत याहून स्वस्तात पडत असेल, असं आमचा तबलेवाला म्हणतो.

खरं तर हा सगळा प्रश्न लिओ फेंडर नावाच्या, आधी रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवलेल्या गृहस्थानं १९५१ मध्येच सोडवून ठेवला होता. त्याआधी खालचे स्वर वाजवायला माणसाहून उंच डबल बेस लागायचा. तो टॅक्सीत मावायचा नाही आणि बँडच्या गलक्यात कुणाला ऐकूही जायचा नाही. फेंडरनं कॅलिफोर्नियात एक फळी कापली, तिला चार स्क्रूंनी मान जोडली, चार तारा ओढल्या आणि बोट अंदाजानं पडू नये म्हणून मानेवर पडदे ठोकले. स्वर नेमका लागतो म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन बेस. तारेची लांबी ३४ इंच. १९६० मध्ये जॅझ बेस नावाची दुसरी काढली. वाद्य तयार, प्रश्न संपला, आता लोकांनी फक्त वाजवायचं होतं.

पण सुटलेला प्रश्न माणसाला बघवत नाही. १९६९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातच, ग्रेटफुल डेड या बँडच्या आसपास, अलेंबिक कंपनीची मंडळी जमली आणि त्यांनी बेसच्या पोटात बॅटरीवर चालणारं इलेक्ट्रॉनिक्स घातलं, वर दुर्मीळ लाकडांचा साज चढवला. १९७९ मध्ये न्यूयॉर्कला रॉजर सॅडॉस्कींनी दुकान थाटलं. १९८३ मध्ये ब्रुकलिनला फोडेरा सुरू झालं. ही सगळी थोर कारागीर माणसं. एकेक वाद्य हातानं घडवतात, आणि व्हिक्टर वूटेनसारखा माणूस फोडेरा घेऊन उभा राहिला की चार तारांवर अख्खी मैफल उभी राहते. मात्र ‘तीच घेतली की तुमचंही तसंच वाजेल’ असं या कारागिरांपैकी कुणीही कधी म्हटलेलं नाही. ते आम्ही आमच्या जबाबदारीवर ठरवतो.

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण ज्यानं केली, त्याच्या काळी अंगण बदलून मिळत नव्हतं. आता मिळतं. मेपलचं मिळतं, अ‍ॅशचं मिळतं, हप्त्यांवर मिळतं, आणि ते घरी आल्यावर पुन्हा वाकडं निघालं तर सेकंडहँड बाजारात दुसऱ्या न नाचणाऱ्याला विकताही येतं. जगातला बुटीक, म्हणजे अशा हातानं घडवलेल्या, बेसचा व्यवहार बराचसा या तत्त्वावर चालतो.

या बाबतीत थोरांची उदाहरणं देणं आम्ही टाळतो, कारण ती गैरसोयीची आहेत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांमागे जेम्स जेमर्सनचा बेस आहे. त्याच्याकडे १९६२ ची साधी प्रिसिजन होती. तो उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा आणि तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. पॉल मॅकार्टनीनं १९६१ मध्ये हॅम्बुर्गला हॉफनर घेतली ती साधारण तीस पौंडांना. जॅको पास्टोरियसनं आपल्या १९६२ च्या जॅझ बेसवरचे पडदेच काढून टाकले, खाचा बुजवल्या आणि वर होड्यांना लावतात ते इपॉक्सी फासलं. वाद्याची अशी हेळसांड करून ही माणसं अजरामर झाली. मी वाद्याला मऊ सुती फडक्याशिवाय हात लावत नाही.

आणखी एक योगायोग बघा. तिघांचीही ती वाद्यं चोरीला गेली. मॅकार्टनीची १९७२ मध्ये, जेमर्सनची १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी, जॅकोची १९८६ मध्ये. मॅकार्टनीची तर पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी पोटमाळ्यावर सापडली आणि त्याला परत मिळाली. आमच्या गॅरेजचं दार मागच्या उन्हाळ्यात रात्रभर सताड उघडं राहिलं होतं. दारालगतच माझी बेस उभी होती, आणि शेजारी बर्फ उपसायचं फावडं. सकाळी फावडं नव्हतं. चोरांनाही संगीतातलं कळतं.

बुटीक बेस दुकानात जाऊन घेता येत नाही, म्हणजे येते, पण तशी घेणाऱ्याला आमच्यात मान नाही. ती बनवून घ्यायची असते. कारागिराकडे पहिल्या भेटीला गेलो तेव्हा तो भला माणूस एप्रनवरचा भुसा झटकत म्हणाला, “साधारण कुठल्या प्रकारचं संगीत वाजवता?”

“थोडं जॅझ, थोडं फंक,” मी म्हणालो. कोळीगीत म्हणायला जीभ रेटेना.

मग त्यानं फॉर्म पुढे केला. अमेरिकेत ग्रीन कार्डाचे फॉर्म भरलेल्या माणसाला फॉर्मची भीती वाटत नाही. पण त्यांच्यात निदान आपल्या जन्माचं ठिकाण विचारतात, ते आपल्याला ठाऊक असतं. इथे मानेची जाडी पहिल्या पडद्यापाशी किती, बाराव्यापाशी किती, तारांमधलं अंतर सतरा मिलिमीटर की एकोणीस, अंगाला अ‍ॅश की अल्डर, पिकअप दोन कॉइलचे की एका, आणि वरच्या पातळ थराला लाकूड कुठलं. त्यासाठी त्यानं टेबलावर तुकडे मांडले. प्रत्येक तुकडा ओल्या बोटानं पुसून दाखवत होता, म्हणजे रेषा उठून दिसतात. लक्ष्मी रोडवर बायको पैठणीचे पदर उलगडायला लावते तेव्हा मी ज्या चेहऱ्यानं बसतो, तो चेहरा त्या दिवशी तिचा होता.

मी निवडला स्पॉल्टेड मेपल. फिकट लाकडात शाईनं काढल्यासारख्या काळ्या वेड्यावाकड्या रेषा. चिपळूणला व्हिडिओ कॉल लावून बाबांना दाखवला. बाबांनी चष्मा वर केला.

“या रेषा कसल्या रे?”

“बुरशीच्या, बाबा. पडलेलं झाड ओल्यात राहिलं की लाकडात बुरशी शिरते, तिच्या हद्दी अशा उमटतात.”

“म्हणजे कुजकं लाकूड.”

“पूर्ण नाही. अर्धवट कुजल्यावर वेळेत उचलतात.”

“आणि त्याचे पैसे कमी देतात ना?”

“जास्त.”

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आपल्या गोठ्याचे वासे गेल्या पावसात काढून जाळले. सांगायचंस की.”

फिंगरबोर्डसाठी त्यानं जी पट्टी पुढे केली ती बघून तर मला गहिवरून आलं. गर्द तपकिरी, मध्ये जांभळट झाक. “इंडियन रोझवूड,” तो आदबीनं म्हणाला. म्हणजे आपली शिसव! सह्याद्रीत उभी राहणारी. आजीच्या घरी शिसवीचं कपाट होतं, शिसवीचा पलंग होता, शिसवीचा झोपाळा होता. घर विकलं तेव्हा जुना बाजारवाला टेम्पो घेऊन आला आणि ‘जड फार आहे, काढायलाच माणसं लागतील’ म्हणत तो ऐवज जवळजवळ उपकार म्हणून घेऊन गेला. आता त्याच झाडाच्या, बोटाच्या जाडीहूनही कमी पट्टीसाठी मी डॉलर मोजत होतो. मधल्या काळात तर या लाकडाचा मान इतका वाढला होता, की २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत आल्या आणि गिटारी सरहद्दीपलीकडे पाठवायला कागदपत्रं लागू लागली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, तेव्हा कुठे बेसवाल्यांनी श्वास सोडला. आजीच्या झोपाळ्यावर आम्ही पाचजण उड्या मारत होतो, हे कारागिराला सांगितलं असतं तर त्यानं ऑर्डर घेतली नसती.

“कधी मिळेल?” मी विचारलं.

“वर्षभर तरी धरा. जास्तही लागेल.”

परतताना गाडीत बायको म्हणाली, “नऊ महिन्यांत अख्खा माणूस तयार होतो.”

“त्याला फिनिशचे अकरा थर नसतात.”

“आपल्या मुलीला बघून तुला असं वाटतं?”

यथावकाश बेस आली. खोक्यातून काढली, दिव्याखाली धरली, घरच्यांना बोलावलं. मुलगी म्हणाली, “नाइस,” आणि वर गेली. बायकोनं बुरशीच्या रेषांवरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, “आधीच्या बेसला काय झालं होतं?”

हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना उत्तर समजत नाही, आणि ज्यांना समजतं त्यांना तो पडत नाही. आधीच्या बेसला काहीही झालं नव्हतं. फक्त तिच्यात मध्यम स्वर थोडे दबलेले होते. त्याच्या आधीचीत ते पुढे येत होते. त्याच्याही आधीची वजनाला साडेपाच किलो होती, तासभर गळ्यात घेतली की डावा खांदा उजव्यापेक्षा खाली जायचा. फिजिओथेरपिस्टनं विचारलं, “रोज एकाच खांद्यावर काही वाहता का?” मी म्हटलं, “संगीत.” त्यानं तेच वहीत लिहून घेतलं आणि पुढे ‘पिशवी बदला’ असा सल्ला लिहिला. म्हणून हलकी घेतली. ती इतकी हलकी निघाली की हात सोडला की मानेकडून खाली झुकायची. म्हणून ही. प्रत्येक नवी बेस आधीचीचा एक दोष दुरुस्त करते आणि स्वतःचा एक आणते. सगळ्यांमध्ये समान राहिलेला भाग म्हणजे माझी बोटं. ती बदलून देणारा कारागीर ब्रुकलिनमध्येही नाही.

किती बेस झाल्या, हा आकडा घरात बोलला जात नाही. त्याला एक जुनी युक्ती आहे: सगळ्या पेट्या काळ्या आणि सारख्या घ्यायच्या. तळघरात भिंतीला ओळीनं उभ्या केल्या की एक वाढली काय, कमी झाली काय, नजरेला कळत नाही. आमच्याकडे हे बरंच चाललं. मग एकदा बायकोनं तळघर झाडायला काढलं आणि पेट्या उचलून बघितल्या. रिकामी एकही नव्हती.

“एक विकून दुसरी घेतो म्हणाला होतास.”

“विकणारच आहे. बाजार सध्या उतरलाय.”

“शेअर पडले तेव्हाही हेच म्हणाला होतास.”

बुटीक बेसच्या पोटात जी इलेक्ट्रॉनिक्सची करामत असते तिला नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या लागतात, माझ्या बेसला दोन. वायर खोचली की बॅटरी चालू. वाजवून झाल्यावर वायर काढायची विसरली की ती रात्रभर, कुणीही न वाजवता, मन लावून स्वतःला संपवत राहते. एकदा कार्यक्रमाच्या ऐन आधी बेस मुकी झाली. मध्यंतर चालू, लोक बटाटेवड्याच्या रांगेत, आणि मी विंगेत स्क्रूड्रायव्हर घेऊन. नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या त्या सभागृहात दोनच ठिकाणी होत्या: मंडळाच्या दोन जुन्या कॉर्डलेस माइकमध्ये. मध्यंतरानंतर लगेच लावणी होती आणि तिला माझे पाच-सहा स्वर होते. मी मनाचा हिय्या केला.

पण लावणीच्या आधी अध्यक्षांचं भाषण होतं, हे कार्यक्रमपत्रिकेत मागच्या पानावर छापलं होतं. अध्यक्ष उभे राहिले, माइक हातात घेतला, ‘बंधू आणि भगिनींनो’ असे ओठ हलले. दुसरा माइक आणला, तोही तसाच. दरवर्षी वीस मिनिटं चालणारं भाषण त्या वर्षी दोन मिनिटांच्या मूकाभिनयात आटोपलं आणि अध्यक्ष हात जोडून खाली उतरले. प्रेक्षकांनी जो कडकडाट केला, तो माझ्या सांगीतिक कारकिर्दीतला सर्वांत मोठा. त्याचं श्रेय मी अजून जाहीरपणे घेऊ शकलेलो नाही.

हिवाळ्याची तऱ्हा वेगळी. इथे नोव्हेंबरपासून घर तापवायची भट्टी चालू होते आणि हवा इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी उडते. लाकूड सुकून आकसतं, धातूचे पडदे आकसत नाहीत, आणि त्यांची टोकं मानेच्या कडेनं बाहेर डोकावू लागतात. डावा हात वरून खाली नेला की तळव्यावर रेघोट्या. त्यावर उपाय म्हणजे हवेत ओलावा ठेवायचा. मुलीच्या खोलीतला ह्युमिडिफायर मी तळघरात हलवला. मुलगी सकाळी घोगऱ्या आवाजात म्हणाली, “बाबा, माझा घसा सुकलाय.” मी म्हणालो, “पाणी पी.” बायको म्हणाली, “बेसलाही तेच सांग.”

बेसवाले तेवढे वेडे आणि बाकीचे शहाणे, असं मात्र समजू नका. आमचा कीबोर्डवाला कॉफीचे दाणे दशांश ग्रॅममध्ये तोलतो, दळतो, पंचवीस सेकंदांत घोटभर कॉफी काढतो आणि तीत दोन चमचे साखर घालतो. ड्रमवाल्यानं कार्बन फायबरची सायकल घेतली. तिचं वजन सात किलो, त्याचं ब्याण्णव. सायकलचं आणखी दोनशे ग्रॅम कमी करायला त्यानं टायटॅनियमचे बोल्ट मागवलेत. त्याची बायको म्हणाली, “रात्री भात सोडलास तर फुकटात होईल,” तर म्हणे, “तुला एरोडायनॅमिक्स कळत नाही.” आम्ही तिघं भेटलो की एकमेकांना फार समजून घेतो. बायका तिघी वेगळ्या खोलीत बसतात, तिथून अधूनमधून मोठ्यानं हसण्याचा आवाज येतो.

यात पाच तारांची पायरी राहिली. बेसला साध्या चार तारा असतात. मला पाहून लोकांनी ‘दोन तुटल्या का?’ असं विचारून झालेलं आहे. पाचवी तार खालच्या नीची, सेकंदाला जेमतेम ३१ कंपनांची. या स्वराविना आपलं काय अडलंय हे मला नीट सांगता येईना, पण अडलंय हे निश्चित होतं. पाच तारांची आली. मंडळाच्या तालमीला मी ती तार मोठ्या अपेक्षेनं छेडली. स्वर आला नाही, पण छतातला एक पत्रा थरथरला आणि मागच्या रांगेत पेंगणारे एक आजोबा दचकून उठले. “ट्रक गेला का?” ते म्हणाले. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या डॉक्टरांनी (हे आठवडाभर हृदयं तपासतात आणि शनिवारी मिक्सर) माझी पट्टी खाली ओढत सांगितलं, “ही तार वाजवू नकोस. वयस्कर माणसं असतात प्रेक्षकांत.”

या सगळ्यात मिरजेची आत्या दोन महिन्यांसाठी आली. आत्या जन्मभर गाणं शिकवत आलेली. तिच्याकडे एकच तानपुरा आहे, तिच्या लग्नाआधीचा, मिरजेत सतारमेकर गल्लीत बनवलेला. सोलापूर जिल्ह्यातून आणलेला भोपळा, तुणीचं लाकूड. २०२४ मध्ये मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी तिला अभिनंदनाचा फोन केला होता. ती म्हणाली, “मला कशाला? मी नुसती वाजवते.”

तळघरात नेऊन मी तिला एकेक पेटी उघडून दाखवली. तिनं सगळ्या बेस कौतुकानं पाहिल्या, बुरशीच्या लाकडाला ‘नक्षी सुरेख हो’ म्हणाली, आणि मग विचारलं, “वाजवतोस काय?”

मी सा आणि प वाजवला. पुन्हा सा आणि प.

“चार तारा. सा आणि प,” आत्या म्हणाली. “अरे, हा तानपुराच की. आडवा धरलाय एवढंच.”

“आत्या, यात तीन बँडचा प्रीअ‍ॅम्प आहे. हे बटण मध्यमाचं, हे ट्रेबलचं, ही छोटी कळ फ्रीक्वेन्सी बदलायची.”

“आवाजाला नक्की काय कमी वाटतं तुला?”

“तो जरा, कसं सांगू, गोल हवा होता. जुन्या रेकॉर्डवर येतो तसा.”

“मग घोडीपाशी काहीतरी सरकव. आम्ही जवारीला दोरा लावतो. केसभर इकडे, केसभर तिकडे. गोधडीचा निघाला तरी चालतो.”

तिचं समाधान करावं म्हणून मी स्वयंपाकघरातून भांडी घासायचा नवा स्पंज आणला, बोटभर पट्टी कापली आणि घोडीपाशी तारांखाली सारली. सा वाजवला. तळघरात तो जो गोल, बुटका, उबदार सा निघाला, त्यासाठी मी इतकी वर्षं लाकडं, पिकअप आणि खांदे बदलत होतो. मागाहून आठवलं, लिओ फेंडरच्या जुन्या बेसना घोडीवरच्या झाकणात तारा दाबणारी पट्टी कारखान्यातूनच लावून यायची. जेमर्सनही फोम वापरायचा. ती पट्टी बहुतेक वादक काढून फेकून देत, आणि मग त्या आवाजाच्या शोधात दुसरी बेस घेत.

पुढच्या तालमीला कीबोर्डवाल्यानं माझ्याकडे वळून पहिल्यांदाच विचारलं, “नवीन घेतली का रे? काय आवाज आहे! केवढ्याला?”

स्पंजाचा भाव सांगणं जिवावर आलं. “बनवून घेतली,” मी म्हणालो.

एखाद्याला वाटेल, आता याचा रोग बरा झाला. पण स्पंजाचं घबाड हाती लागल्यावर मी साहजिकच पुढचा अभ्यास केला, तेव्हा कळलं की बेससाठी खास स्पंजही मिळतात. निरनिराळ्या घनतेचे, रंगीत, खोक्यातून येतात. तीन मागवलेत. कोरड्या हवेत स्पंज कडक होतो का, हेही बघायला हवं.

शिवाय सहा तारांचा विषय आहेच. अँथनी जॅक्सन या दिग्गजानं कार्ल थॉम्पसनकडून १९७५ मध्ये सहा तारांची बेस बनवून घेतली. बेस हीदेखील गिटारच, मग तिला पहिल्यापासून सहा तारा असायला हव्या होत्या, असं त्याचं म्हणणं. मला ते मनोमन पटलं. परवा रात्री जेवणं झाल्यावर, बायको प्रसन्न आहे असं पाहून, मी विषय काढला.

“पाचव्या तारेचं काय केलंस?” ती म्हणाली. “डॉक्टरांनी बंद केलीय ना?”

“सहावी खाली नसते. ती वरच्या बाजूला असते. वरचे स्वर मिळतात, कॉर्ड वाजवता येतात, मधे एखादी धूनही घेता येते.”

“म्हणजे ऐकू येईल?”

“स्वच्छ! नाशिकपर्यंत.”

“सहा तारा. वरचे स्वर. ऐकू येतात.” तिनं बोटांवर मोजलं. “मग गिटारच घे ना सरळ. मुलीची पडलीये वर, शाळेनं शिकायला लावली होती तेव्हाची. नव्वद डॉलरची आहे.”

मी तिला एरोडायनॅमिक्स कळत नाही असं म्हणणार होतो, पण तो मुद्दा सायकलचा आहे.